शिमग्यात सह्या, चैत्रात वणवा

आमच्याकडे वणव्याचे दिवस आणि माणसांचे दिवस एकदमच येतात. माघ सरला की डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत होतं आणि त्याच सुमाराला शिमग्यासाठी मुंबईकर गावी उतरतो. एरवी राजापूर तालुक्यातल्या आमच्या या ग्रुप ग्रामपंचायतीत निम्म्या घरांना कुलूप. सरपंच म्हणून मला ज्याची सही हवी असते तो विरारला नाहीतर डोंबिवलीला असतो, आणि शिमग्यात तोच माणूस पालखी खांद्यावर घेऊन नाचत असतो. म्हणून यंदा वणव्याचं काम मी शिमग्यातच धरलं. ते कसं पुढे सरकलं आणि कुठे अडलं ते लिहिते. "वहिनी, गावात काय नवीन?" असं फोनवर विचारणाऱ्यांनाही उत्तर यातच मिळेल.

वणवा कशाने लागतो ते सगळ्यांना पाठ आहे. कुणी बिडी टाकली, कुणी शिकारीसाठी रान पेटवलं, कुणाची भाजावळ (पेरणीआधी शेत भाजणं) हाताबाहेर गेली, कुठे वाऱ्याने तारा एकमेकींवर आपटून ठिणगी पडली. जाळलं की पावसात गवत जोमाने येतं, हा समज तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण ही सगळी कारणं माझ्या सासऱ्यांच्या वेळीही होती. तेव्हा आग एवढी भडकायची नाही, कारण भडकायला गवतच शिल्लक नसायचं. घरटी दोन-चार गुरं होती, दिवाळीनंतर गवत कापून, भारे बांधून उडव्या रचल्या जायच्या. आता गोठ्यांत मोटारसायकली उभ्या असतात आणि गवत कमरेएवढं वाढून तसंच वाळतं. ज्याच्या जमिनीत ते वाळतं तो इथे नाही. त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे, पण सोबत चुलते, चुलत चुलते, वारलेले आजोबा आणि शेवटी 'वगैरे' आहे. माझं मत विचाराल तर आमचा वणवा सामाईक सातबाऱ्यातून येतो.

उपाय काही नवा नाही. सडा (डोंगरमाथ्यावरचा कातळ) आणि वाड्या यांच्यामध्ये गवत कापून, पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा ओढून जाळपट्टा काढायचा. रुंदी एवढी की दोन टेंपो शेजारी शेजारी उभे राहावेत. गवत नुसतं कापून तिथेच टाकलं तर त्याचा उपयोग शून्य, ते माती दिसेपर्यंत बाजूला ओढावं लागतं. वनखात्याच्या जंगलात त्यांचे लोक जाळरेषा काढतात, पण रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याचं जंगल अगदीच थोडं. आमचे डोंगर खाजगी, त्यामुळे ती रेषा आमच्यापर्यंत येत नाही.

मासिक सभेत विषय घेतला तेव्हा पैशांची अडचण फारशी नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, उरलेल्या 40 टक्क्यांतून दोन ग्रासकटर आणि मजुरी बसत होती. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमचे ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक म्हणायची सवय काही जात नाही) म्हणाले, "मॅडम, खाजगी जागेत खर्च टाकायचा तर संमतीपत्र लागेल. नाहीतर ऑडिटला आक्षेप निघतो." त्यांचं बरोबरच होतं. मी तलाठी कार्यालयातून उतारे काढून आणले आणि स्वयंपाकघरात पसरून बसले. एका गटात एवढी नावं की ती पुढच्या पानावर गेलेली. त्यातली किती माणसं हयात आहेत ते सासूबाईंनी बोट ठेवून सांगितलं.

सगळ्यांच्या सह्या मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही पट्ट्याची वाटच बदलली. नकाशावर सरळ रेघ ओढण्याऐवजी जुनी पाणंद, पाखाडी आणि सड्यावर जाणारी गाडीवाट धरली. या वाटा गावाच्या वहिवाटीतल्या, तिथे कुणाला विचारायचं कारण नाही. दोन्ही बाजूंना थोडं थोडं आत जावं लागतं, तेवढ्यापुरतीच संमती हवी. घरटी एका कर्त्या माणसाने 'गवत कापायला हरकत नाही, जमिनीवर ग्रामपंचायतीचा हक्क लागणार नाही' असं लिहून द्यायचं. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. ते घातलं नसतं तर एकही सही मिळाली नसती. कोकणात माणूस बाग सोडेल, बांध सोडणार नाही.

आता या सह्या घ्यायच्या कधी? पालखी घरोघरी फिरते तेव्हा. आमच्याकडे तेरसा शिमगा, म्हणजे तेरशीची होळी. होळी उभी राहिली की पालखी वाडीवाडीने निघते आणि प्रत्येक घरचा माणूस ओटी भरायला दारात हजर असतो. पण पालखीचं सगळं मानकऱ्यांच्या हातात, तिथे सरपंचाला कोण विचारतो, आणि त्यातून मी पडले सून. गावकरांकडे, म्हणजे मुख्य मानकऱ्यांकडे गेले. वय ऐंशीच्या पुढचं, खळ्यात बसून सुंभ वळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वयनी, देवाच्या पालकीत पंचायत नको."

मी म्हटलं, "पंचायत नको बाबा. पण गाऱ्हाण्यात रान असू दे की."

त्यांनी हो-नाही काहीच केलं नाही. सुंभ वळत राहिले. मी चहा पिऊन परत आले.

पालखी सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) बसली त्या दिवशी सगळं गाव जमलेलं. खेळे नाचून दमलेले, संकासुराच्या मागे पोरांचा धिंगाणा. गावकर उठले, नारळ हातात घेतला आणि नेहमीचं गाऱ्हाणं सुरू झालं. लेकराबाळांना, गुरावासरांना, मुंबईच्या चाकरमान्याला सांभाळ म्हणून झालं. मग जरा थांबून म्हणाले, "आनि जो कोन काडी घेऊन रानात शिरत असंल, त्याची बुद्धी मागं फिरव रे म्हाराजा!" सगळ्या सहाणेवरून आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या दिवशीपासून सह्यांचे कागद घेऊन आमच्या बचत गटाच्या बायका पालखीच्या मागे मागे फिरल्या. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "गावकरांनी घातलाय की गाऱ्हान्यात." पुढे प्रश्न नाही.

ग्रामसभेची गंमत वेगळीच. कायद्याने कोरमला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांत जे कमी असेल तेवढे लागतात. शिमग्यात मंदिरात उभं राहायला जागा नव्हती, तरी कोरम भरेना, कारण आलेल्यांपैकी बहुतेकांची नावं मुंबईच्या मतदार यादीत. सभा तहकूब करून पुन्हा घेतली. तहकूब सभेला कोरमची अट नसते, म्हणून ठराव झाला. चाकरमान्यांनी चर्चा मात्र भरपूर केली. एकाने ड्रोन घ्यायची सूचना केली. मी म्हटलं, आधी कोयते आणूया.

तारांचं काम अजून अर्धवट आहे. वरच्या वाडीच्या मागे दोन खांबांमधलं अंतर जास्त आहे, तारा झोळ धरून लोंबतात आणि दुपारच्या वाऱ्याला एकमेकींना लागतात. मी वीज कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली, पुन्हा गेले, पुन्हा दिला. शेवटी आमच्या वायरमनने कानमंत्र दिला, "मॅडम, 'तारा लोंबतात' असं लिहू नका. खांबाचा नंबर लिहा, फोटो जोडा आणि स्पेसर मागा." स्पेसर म्हणजे तारांमध्ये अंतर धरून ठेवणारी आडवी पट्टी. तसा अर्ज दिल्यावर काही ठिकाणी स्पेसर बसले, बाकीच्या ठिकाणांची वाट पाहतोय. डीपीखालचं गवत मात्र आपलं आपणच कापायचं, लाइन बंद करून घेऊन, वायरमन समोर असताना.

पूर्ण पट्टा फाल्गुनात होणार नव्हता, हे मला माहीत होतं. त्याची खरी वेळ मार्गशीर्ष. भात झोडून झालेलं असतं, गवत अजून थोडं ओलं असतं, मजूरही मिळतो. मार्चमध्ये ग्रासकटरचं पातं जांभ्या दगडाला लागलं तर त्याचीच ठिणगी पडायची भीती. म्हणून यंदा पाणंद आणि वरच्या वाडीची मागची कड एवढंच केलं, तेही पहाटे, दव असताना.

पाडवा झाला आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, डोंगरापलीकडून आग आली. पहिला फोन सड्यावरच्या आंबा बागेतल्या नेपाळी राखणदाराचा. आमच्या बागांतून ही माणसं पावसाळ्यानंतर येतात ती आंबा उतरेपर्यंत राहतात, आणि रानात सर्वांत जास्त वेळ तीच असतात. शिमग्याच्या आधी आम्ही प्रत्येकाचा नंबर घेऊन ठेवला होता, तो कामी आला. उपग्रहावरून आग दिसली की मोबाइलवर संदेश पाठवायची सोय डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने केली आहे, त्यातही मी नाव नोंदवलंय. संदेश आला, पण उपग्रह फिरून आल्यावर. राखणदार त्याच्या कितीतरी आधी बोलला होता.

आमचा बंब म्हणजे आंब्याच्या फवारणीचा पंप. टेंपोत 200 लिटरची पिंपं, एचटीपी (जोराचा फवारा मारणारा) पंप आणि लांबलचक नळी हे सगळं बागायतदारांकडे असतंच. कुणाचा टेंपो, कुणाचा पंप, चावी कुणाकडे, याची यादी ग्रामपंचायतीच्या दारावर लावली होती. पिंपं औषधाची असल्यामुळे आधी खळखळून धुवायची, हेही त्यावर लिहिलं होतं. शहरातल्या बंबाला फोन केला, पण सड्यावर चढायला त्याला रस्ताच नाही.

पोरं आगीच्या तोंडावर धावत निघाली होती. जुन्या माणसांनी अडवली. आग चढाला धावते आणि उताराला रांगते. आमच्या बाजूला ती माथ्यावरून खाली येत होती, म्हणून वेळ होता. सगळे पाणंदीवर थांबले, पाणंदीची कड पंपाने भिजवली आणि अलीकडे उडून पडणारी प्रत्येक ठिणगी ओल्या डहाळ्यांनी झोडपली. दुपारचे खारे वारे सुटलेले असताना आगीशी मारामारी करण्यात अर्थ नसतो. तिन्हीसांजेला वारा पडला तसे लोक पुढे सरकले आणि डहाळ्या मारत मारत एकेक कड विझवली. रात्री ओंडके धुमसत होते, त्यांच्यावर माती ओढली आणि राखण ठेवली. पाणंदीच्या अलीकडे एकही घर, एकही कलम गेलं नाही.

पलीकडे गेलं. काजूची एक बाग अर्धी होरपळली, आणि वरच्या वाडीचं पाणी गेलं. झऱ्यावरून येणारा काळा पाइप वितळून दगडांना चिकटला होता, जोडांवरच्या लोखंडी क्लिपा तेवढ्या राखेत ओळीने पडलेल्या. या वाडीला आता पाइप येईपर्यंत खालच्या विहिरीवरून पाणी चढवावं लागतंय. नवा पाइप जमिनीत पुरूनच टाकायचा, असं ठरलंय.

नुकसानीचा अनुभव सर्वांनी लक्षात घ्यावा असा आहे. पंचनाम्याला माणसं आली, पहिला प्रश्न विचारला, "सातबाऱ्यावर काजूची नोंद कुठाय?" नोंद नव्हती, जमीन अजून वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची, म्हणूनच लागलेली. ई-पीक पाहणी करा, झाडांची नोंद करून घ्या. मुंबईत असाल तर गावातल्या माणसाला सांगा, पण करा. फळपीक विम्यावर भरवसा ठेवून बसू नका. तो हवामानावर आधारित आहे, अवेळी पाऊस, तापमान, वारा अशा गोष्टींवर मिळतो, वणव्यावर नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली आगीबाबतचा निष्काळजीपणा हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. काडी कुणाची ते अजून कळलेलं नाही. शेजारच्या गावाच्या सरपंचांना घरी जाऊन भेटले, पुढच्या वर्षी माथ्यावर दोन्ही गावांनी मिळून पट्टा काढायचं त्यांनी कबूल केलंय.

बाकीचं थोडक्यात. आंबा उतरवताना झेल्याला (आंबे काढायच्या जाळीला) अॅल्युमिनियमची काठी लावू नका, तारांना लागली की संपलं, बांबूच बरा. कातळावर फुरसं निघायला लागलंय, चावलं तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. शेतकऱ्याचा सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. मे महिन्यात पोरं विहिरीवर पोहायला जातील, त्यांच्याबरोबर मोठं माणूस असावं. साकवाच्या दोन फळ्या बदलल्या आहेत, गाडी मात्र त्यावर घालू नये. घरपट्टीबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांची राहिली आहे त्यांना माहीत आहे.

सड्याकडच्या काही गटांच्या संमती अजून यायच्या आहेत. कोरा नमुना ग्रामपंचायतीत ठेवलाय, 1 मेच्या ग्रामसभेत तो पुन्हा वाचून दाखवू. आंब्याच्या पेट्या न्यायला याल तेव्हा सही करून जा, आणि वारसनोंदीची कागदपत्रं कपाटात पडली असतील तर तीही सोबत आणा.