दीड टक्क्यात बिल वटवायला गेले त्याची गोष्ट

आमचा भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला छोटा गाळा आहे, पत्र्याचं काम, म्हणजे इलेक्ट्रिकल पॅनलचे बॉक्स. कटिंग बेंडिंग आमच्याकडे, पावडर कोटिंग बाहेरून. नवरा मशीनवर आणि मी बिलं, जीएसटी, वसुली. हे सगळं 2024 च्या गणपतीतलं आहे आणि त्यात चूक माझीच जास्त होती हे आधीच सांगते.

29 ऑगस्टला एका मोठ्या कंपनीला माल गेला, 5 लाखाचा, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे बिल 5,90,000 चं. पीओवर, म्हणजे त्यांच्या ऑर्डरच्या कागदावर, 60 दिवसांची उधारी लिहिलेली. पण सरकारला आमचा जीएसटी 20 सप्टेंबरला हवा, पार्टीने पैसे दिलेत की नाही याच्याशी त्यांना काही घेणं नाही, आणि कळंबोलीचा पत्रेवाला रोज फोन करून "बेन, गणपती आले, थोडं तरी सोडा" म्हणतोय. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, आधीच पूर्ण वापरलेली. अशात एका फायनान्स कंपनीचा मुलगा गाळ्यावर आला, म्हणाला मॅडम, फॅक्टरिंग करा, बिल आम्हाला द्या, 80 टक्के लगेच, उरलेले पार्टीने भरल्यावर, चार्ज फक्त दीड टक्का. मी मनात हिशोब केला, 5,90,000 चे दीड टक्के 8,850, ठीक आहे, एवढं जाऊ दे.

रात्री सासऱ्यांना सांगितलं. नाना आयुष्यभर मुळजी जेठा मार्केटात एका कापडवाल्याकडे जमाखर्च लिहायचे. ते म्हणाले, "बिल वटवायचंय तर वटव, पण वटाव किती, म्हणजे कापणार किती, हे नंतर विचार, आधी विचार की तारखेला पैसे आले नाहीत तर कोणाच्या नावावर पडतात." मी हो हो म्हणाले आणि जेवायला वाढलं. विचारलं नाही.

कागदपत्रं जमवण्यातच दोन आठवडे गेले. उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, कॅन्सल चेक हे सगळं होतं, अडकलं ते डिलिव्हरी चलन, माल पोचल्याची पावती. डिलिव्हरीच्या दिवशी एवढा पाऊस की टेम्पोवाल्याने चलन शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कंपनीच्या गेटचा शिक्का म्हणजे नुसता निळा डाग झालेला. फॅक्टरला, म्हणजे त्या फायनान्स कंपनीला, माल पोचल्याचा पुरावा आणि पार्टीचं कन्फर्मेशन दोन्ही पाहिजे, त्याशिवाय रुपया नाही. मग त्यांच्या स्टोअरमधल्या दादाच्या मागे लागून जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या त्यांच्या नोंदीची, कॉपी काढली. त्यातच पार्टीला पत्र गेलं की यापुढे या बिलाचे पैसे आमच्या खात्यात न भरता फॅक्टरच्या खात्यात भरा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परचेस मॅनेजरचा फोन, "ताई, सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?" फॅक्टरिंगमध्ये असं पत्र जातंच हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या फोनने मला सगळ्यात जास्त लागलं, खरं सांगते.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, 13 सप्टेंबरला, पैसे आले. 80 टक्के म्हणजे 4,72,000 यायला हवे होते, खात्यात आले 4,49,757. मी तीनदा बघितलं. दीड टक्का कापला, ते मान्य. पण 10,000 प्रोसेसिंग फी वेगळी, आणि दोन्हीवर 18 टक्के जीएसटी 3,393. जीएसटीचं क्रेडिट मिळतं नंतर, पण त्या आठवड्यात नंतरचं काय करू. मुलाला फोन केला तर "मॅडम, ते सँक्शन लेटरमध्ये आहे." होतं. चौथ्या पानावर.

आणि खरी गंमत पुढे. तो दीड टक्का ही नुसती सर्विस फी होती, व्याज वेगळंच, वर्षाला 16 टक्के, आणि ते 4,72,000 वर, हातात आले त्यावर नाही. शिवाय पैसे दिल्यापासून 60 दिवसांनंतर 3 टक्के जादा. म्हणजे माझा खर्च किती हे ठरवणार कोण, तर पार्टीच्या अकाउंट्समधला तो मुलगा जो "ताई, मॅडमची सही राहिलीये" सांगून फोन ठेवतो. नाना हेच म्हणत होते.

पार्टीने भरले 16 डिसेंबरला. 94 दिवस. दिवाळी येऊन गेली.

मग उरलेले 20 टक्के, म्हणजे 1,18,000, परत येताना काय झालं ते बघा. व्याज 19,449 गेलं. 34 दिवस उशिराचं जादा 1,319 गेलं. पार्टीने दोन बॉक्सचं कोटिंग निघालंय म्हणून जीएसटीसकट 11,800 ची डेबिट नोट काढलेली, म्हणजे तेवढे कापून घेतलेले, ती फॅक्टर कशाला सोसेल, तीही आमच्यातूनच. हातात 85,432. डेबिट नोट आमची चूक, ती सोडून देऊ. बाकी फी, व्याज, प्रोसेसिंग मिळून, जीएसटी सोडून, 39,618 रुपये लागले. आमचं मार्जिन या ऑर्डरमध्ये साधारण 12 टक्के, म्हणजे 60,000. त्यातले जवळजवळ 40 हजार पैसे लवकर मिळवण्यात गेले!! सीएंनी कॅल्क्युलेटरवर दाखवलं, 4,72,000 वर 94 दिवसांना 39,618 म्हणजे वर्षाला साधारण साडेबत्तीस टक्के. प्रोसेसिंग एकदाच असते म्हणून ती वगळली तरी 24 च्या वर. आणि मी दीड टक्का धरून बसलेले.

त्यातही ॲग्रीमेंट रिकोर्सवालं होतं. म्हणजे ठरलेल्या मुदतीत पार्टीने भरले नसते तर फॅक्टरने सगळे पैसे आमच्याकडून परत घेतले असते. जोखीम आमचीच, वर फीही आमचीच. नॉन-रिकोर्स घेतलं तर पार्टी बुडाली तरी फॅक्टर सोसतो, पण रेट वर जातो आणि मालाच्या क्वालिटीवरून वाद असेल तर तेव्हाही तो आपल्या अंगावर येतो.

सीएंचं एक बोलणं मात्र मला खात राहिलं. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात 45 दिवसांच्या वर उधारी लिहून घेतलेलीच चालत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. मी म्हटलं सर, मागितलं तर पुढची पीओ कोण देणार. त्यावर ते गप्प बसले. पण त्यांनी सांगितल्यापासून दर बिलासोबत उद्यम सर्टिफिकेटची कॉपी लावते, कारण आयकरातल्या नियमामुळे (1961 च्या कायद्यातलं 43बी(एच)) आमच्यासारख्यांचे पैसे वेळेत दिले नाहीत आणि 31 मार्चलाही थकलेले राहिले तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मार्चमध्ये अचानक सगळ्यांना आमची आठवण येते, ती यामुळे.

मग ट्रेड्स (TReDS), म्हणजे बिलं ऑनलाइन वटवायची सोय. आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट, एम1एक्सचेंज हे असे प्लॅटफॉर्म आहेत, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे. बिल टाकायचं, पार्टीने ॲक्सेप्ट करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात. रिकोर्स नाही. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना मार्च 2025 पर्यंत तिथे नोंदणी करायला सांगितलेलं, त्यामुळे आमची पार्टीही आली. तेवढंच बिल, 5,90,000, 60 दिवसांना, बोली लागली साडेनऊ टक्क्याची, वटाव गेला 9,214. प्लॅटफॉर्मची फी किरकोळ. रेट एवढा कमी कारण बँक पार्टीची पत बघते, आमची नाही, आणि ड्यू डेटला पैसे बँक थेट पार्टीच्या खात्यातून ओढते. तिने उशीर केला तर माझं मीटर चालत नाही.

फक्त ॲक्सेप्ट करायलाच त्यांनी 19 दिवस लावले. तो पोरगा, तीच सही. ते 19 दिवस पत्रेवाल्याला मीच सांभाळला.

वसईच्या एका छोट्या पार्टीला तर सरळ विचारलं, 60 ऐवजी 10 दिवसांत दिलेत तर 2 टक्के वटाव देते. हिशोब केला तर 50 दिवस आधी मिळतात, वर्षाला 15 टक्क्यांच्या आसपास पडतं, त्या साडेबत्तीसच्या अर्ध्याहून कमी, आणि कुणाला पत्र नाही की फोन नाही. नाना खूश झाले, म्हणाले हा खरा वटाव.

त्या फायनान्सवाल्याचा गेल्या महिन्यात परत फोन आलेला. मॅडम, तुमच्यासाठी सव्वा टक्का. मी म्हटलं बरं, आणि ते वर्षाला 20 लाखांची बिलं द्यायची, कमी पडली तर त्या फरकावर अर्धा टक्का, ही ॲग्रीमेंटमधली अट अजून आहे का? कारण एकच बिल दिल्याबद्दल मला मार्चमध्ये 7,050 रुपयांचं आणखी एक बिल आलं होतं.

"ते तर स्टँडर्ड आहे मॅडम."