तुम्ही विचारलंत म्हणून: भारतानं आरसेपमध्ये जावं का?

आयात-निर्यातीची कागदपत्रं तयार करणं हे माझं काम. त्यामुळे भारतानं आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या व्यापार करारात जावं का, हा प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतो. छोटे कारखानदार विचारतात, ‘मॅडम, आरसेपमध्ये शिरलो असतो तर आपलं भलं झालं असतं ना?’ आणि दूध संघाला दूध घालणारे नातेवाईक विचारतात, ‘तो करार पुन्हा उकरून काढणार नाहीत ना?’ दोघांची काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: आज जाऊ नये. पण न जाण्याची जी कारणं आपल्याला सर्रास ऐकवली जातात त्यातली दोन मला पटत नाहीत, आणि जे मला पटतं ते फारसं चर्चेत येत नाही.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आरसेप म्हणजे प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी. आसियान या आग्नेय आशियाई गटाचे तेव्हाचे १० देश आणि त्यांच्यासोबत चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत अशा १६ देशांची बोलणी नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू करायचं ठरलं. सात वर्षं बोलून झाल्यावर ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये पंतप्रधान मोदींनी भारत बाहेर राहील असं सांगितलं. बाकीच्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. दार मात्र बंद झालं नाही. बोलणीत पहिल्यापासून असलेला देश म्हणून भारताला केव्हाही आत येता येईल अशी सोय करारातच ठेवली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी भारतानं आरसेपमध्ये असायला हवं असं जाहीरपणे म्हटलं, तेव्हा विषय पुन्हा निघाला.

आता पहिलं कारण, दूध.

भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे. २०२३-२४ मध्ये आपलं उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होतं. न्यूझीलंडचं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही. मग भीती कसली? भीती अशी, की न्यूझीलंड आपलं जवळजवळ सगळं दूध पावडर, लोणी, चीज करून बाहेर विकतो, आणि आपल्याकडे दुधाचा भाव शेवटी पावडरीवर ठरतो. पिशवीतून विकून उरलेल्या दुधाची संघ पावडर करतात. ती पावडर गोदामात पडून राहिली की खरेदीचा दर उतरतो, आणि तो थेट गोठ्यात जाणवतो. २०१८ च्या जुलैत महाराष्ट्रात दूध आंदोलन पेटलं ते याच कारणानं. पावडरीचे साठे तुंबले होते, जागतिक बाजारात भाव पडलेले, निर्यात परवडत नव्हती, आणि सरकारला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. तेव्हा तर बाहेरची पावडर आपल्या दारात आलेलीही नव्हती, कारण तिच्यावर ६० टक्के शुल्क आहे. हे शुल्क शून्यावर आणलं तर काय होईल हे दोन म्हशी सांभाळणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे भीती रास्तच आहे. मला पटत नाही तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. दूध वाचवायचं तर कराराबाहेरच राहायला हवं, असं मुळीच नाही. जपान आरसेपमध्ये आहे, आणि तांदूळ, गहू, गोमांस व डुकराचं मांस, दुग्धजन्य पदार्थ आणि साखर ही आपली पाच नाजूक पिकं-उत्पादनं त्यानं शुल्ककपातीतून वगळून घेतली आहेत. आपणही हेच केलं आहे. ऑस्ट्रेलियाशी एप्रिल २०२२ मध्ये करार केला त्यात दूध बाहेर ठेवलं, आणि ऑस्ट्रेलियानं तरीही सही केली. हट्ट धरला तर दूध वाचतं. २०१९ मध्ये दुधाचा मुद्दा सगळ्यांत मोठ्यानं मांडला गेला, कारण तो सगळ्यांना कळतो आणि त्याच्यामागे माणसं रस्त्यावर उतरतात. खरा पेच दुसरीकडे होता.

दुसरं कारण, चीनचा माल. ‘आत गेलो असतो तर चिनी मालानं बाजार भरून गेला असता,’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. २०१८-१९ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट सुमारे ५३.६ अब्ज डॉलर होती. करार नाकारला, मधे गलवान झालं, ॲपवर बंदी आली, आणि २०२४-२५ मध्ये ती तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. आपण चीनला विकलं जेमतेम १४ अब्ज डॉलरचं, आणलं ११३ अब्ज डॉलरहून जास्त. बाहेर राहून माल थांबला नाही. कारण येतं ते प्रामुख्यानं खेळणी-दिव्यांच्या माळा नव्हे. येतात ती यंत्रं, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, औषधांचा कच्चा माल. ज्याशिवाय आपले कारखाने चालत नाहीत ते शुल्क भरूनही येतं.

इथं कारखानदारांची बाजू मांडायला हवी, कारण ती मी रोज पाहते. आसियानशी आपला वस्तुव्यापार करार २०१० पासून लागू आहे. त्यात माल ‘आसियानचा’ ठरायला दोन अटी आहेत: किमतीतला किमान ३५ टक्के हिस्सा त्या देशांतला हवा, आणि आत वापरलेल्या बाहेरच्या मालाचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक, तयार मालात बदललेला हवा. उलट बाजूनं वाचा. उरलेला बराच भाग बाहेरचा, म्हणजे चीनचाही, असू शकतो. व्हिएतनाममधल्या कारखान्यात चिनी सुटे भाग जोडून झालेलं यंत्र सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे मूळ देशाचा दाखला, घेऊन आपल्या बंदरात शून्य शुल्कानं उतरू शकतं. आणि तेच सुटे भाग आणून तेच यंत्र इथं जोडणारा आपला माणूस त्या भागांवर पुरतं शुल्क भरतो. तयार माल फुकट आत आणि कच्चा माल दंड भरून, अशी ही उलटी रचना आहे. दहा-पंधरा कामगारांच्या शेडला ती कशी मारते, हे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं सीमाशुल्क विवरण, भरताना दिसतं. ती भरताना माझा जीव तुटतो.

आरसेपमध्ये या जागी एक मोठी सोय आहे. १५ पैकी कुठल्याही देशाचा ठरलेला माल पुढे जोडणाऱ्या देशाचाच धरला जातो आणि बऱ्याच मालाला ४० टक्क्यांची अट सगळे मिळून पुरी करता येते. जपानचं पोलाद, मलेशियाची चिप, चीनची मोटर, व्हिएतनामची जोडणी, आणि एकच दाखला. जी कंपनी नवा कारखाना कुठे टाकायचा याचा विचार करते तिला हे फार सोयीचं पडतं. व्हिएतनामची लोकसंख्या सुमारे १० कोटी, आणि २०२४ मध्ये त्याची वस्तूंची निर्यात ४०० अब्ज डॉलरपलीकडे गेली. आपण १४० कोटी, आणि २०२४-२५ मध्ये आपली सुमारे ४३७ अब्ज. व्हिएतनामच्या निर्यातीत परदेशी कंपन्यांचा आणि आयात केलेल्या भागांचा वाटा फार मोठा आहे हे खरं. पण तिथल्या मुलींना हाताला काम मिळालं, हेही तितकंच खरं आहे.

मग मी ‘जाऊ नये’ का म्हणते?

कारण आपलं कुंपण शुल्काचं आहे आणि चीनचं नियमांचं. शुल्क दिसतं, मोजता येतं, वाटाघाटीत त्याच्यावर बोट ठेवता येतं, आणि करारात ते वर्षागणिक उतरवायचं वेळापत्रक ठरतं. नियमांचं कुंपण कागदावर नसतंच. परवाना लांबतो, नोंदणीची फाइल परत येते, निविदेत बाहेरच्याला जागा नसते, बंदरावर माल तपासणीसाठी अडकतो. आपली औषधं जगभर जातात. चीनमध्ये त्यांना जागा मिळवायला किती कष्ट पडतात हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. दोघांनी शुल्क शून्यावर आणलं तर आपलं कुंपण जातं, त्यांचं जागेवर राहतं. बरोबरीची देवाणघेवाण म्हणून जे मांडलं जातं त्यात बरोबरी नाही.

ही नुसती शंका नाही. ऑस्ट्रेलियाचा चीनशी मुक्त व्यापार करार २०१५ पासून लागू होता. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियानं कोविडच्या उगमाची चौकशी मागितली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात चीननं ऑस्ट्रेलियन बार्लीवर ८० टक्क्यांहून जास्त शुल्क लावलं. मग कोळसा अडला. १५ नोव्हेंबरला दोन्ही देशांनी आरसेपवर सही केली, आणि महिना संपायच्या आत ऑस्ट्रेलियन वाइनवर १०० टक्क्यांहून जास्त, काहींवर २०० टक्क्यांपलीकडे शुल्क आलं. शाई वाळायच्या आत. ऑस्ट्रेलियाकडे लोहखनिज होतं, ज्याशिवाय चीनच्या पोलादभट्ट्या चालत नाहीत, म्हणून तो तगला. आपल्याकडे असं काय आहे? उलट एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली.

यावर कुणी म्हणेल की अशा वेळेसाठीच संरक्षक तरतुदी असतात. भारतानं त्या मागितल्या होत्या. आयात ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शुल्क आपोआप परत चढेल अशी व्यवस्था आपल्याला हवी होती. हवी तशी मिळाली नाही. शुल्ककपात कुठल्या वर्षाच्या दरापासून मोजायची यावरही अडलं. बाकीच्यांना २०१४ चे दर धरायचे होते, आपल्याला २०१९ चे. मोबाइलचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये मोबाइल फोनवर मूळ सीमाशुल्क शून्य होतं. २०१७ मध्ये ते लावलं आणि २०१८ मध्ये २० टक्के केलं. फोन जोडण्याचा जो उद्योग इथं उभा राहिला तो या आडोशाला. २०१४ चे दर धरले असते तर तो आडोसा सहीसोबतच गेला असता. त्या दिवशी, त्या कागदावर, नाही म्हणणं बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे.

मला राग येतो तो त्यानंतरच्या स्वस्थपणाचा. नाही म्हटलं आणि जणू काम झालं. चीन सोडला तर आरसेपच्या बाकी देशांशी आपले करार आहेत किंवा ठरले आहेत: आसियान, कोरिया, जपान, ऑस्ट्रेलिया, आणि डिसेंबर २०२५ मध्ये बोलणी पूर्ण झाली तो न्यूझीलंड. म्हणजे आरसेपमधून जे चांगलं मिळायचं त्यातलं बरंचसं हे करार दुरुस्त करून मिळवता येतं. आसियान कराराचा फेरआढावा घ्यायचा असं २०२३ मध्ये ठरलं. उलट्या शुल्करचनेचा इलाज तिथंच आहे. आणि सुट्या भागांवरचं शुल्क कमी करायला तर दुसऱ्या देशाची सहीच लागत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीसाठी ३५ आणि मोबाइल बॅटरीसाठी २८ यंत्रसामग्रीच्या बाबी शुल्कमुक्त केल्या. मोठ्या उद्योगांसाठी हे जमतं, तर पंप, पंखे, शिवणयंत्रं, शेतीची अवजारं बनवणाऱ्यांसाठी का जमू नये? त्यांची संघटना दिल्लीत पोचत नाही, एवढंच कारण मला दिसतं.

दाखल्यांची तपासणी हा आणखी एक विषय, आणि तो माझ्या टेबलावरचा आहे. श्रीलंकेशी आपला करार २००० पासून आहे. पुढे व्हिएतनामची काळी मिरी श्रीलंकेची म्हणून येऊ लागली आणि इडुक्की, वायनाड, कोडगूच्या मळेवाल्यांचा भाव कोसळला. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सरकारला किलोमागे ५०० रुपये किमान आयात किंमत ठरवावी लागली. सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाची माहिती आयातदारानंच जवळ बाळगण्याचे नियम आले. माझं काम त्यानं वाढलं, पण मी त्या नियमांच्या बाजूची आहे. आधी करायला हवे होते.

शेवटची गोष्ट कुणी विचारत नाही, तरी सांगते. भारतात असा करार करायला संसदेची मंजुरी लागत नाही, मंत्रिमंडळ ठरवतं. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतली १४वी नोंद परदेशांशी करार करण्याची आहे, आणि राज्यांच्या सूचीतली १४वी नोंद शेतीची. शेती राज्याची, पण तिच्यावर परिणाम करणारी सही केंद्राची. २००९ मध्ये आसियान कराराविरुद्ध केरळात मानवी साखळी झाली ती या फटीतूनच. रबर आणि मिरी पिकवणाऱ्या राज्याला विचारलं गेलं नव्हतं अशी त्यांची तक्रार होती. अमेरिकेनं १९६२ मध्येच आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी भत्ता आणि प्रशिक्षणाची योजना कायद्यानं आणली, युरोपीय संघानं २००६ मध्ये त्यासाठी निधी उभा केला. दोन्ही अपुरे पडले, पण करारात कुणीतरी हरतं हे त्यांनी कागदावर मान्य केलं. आपल्याकडे त्यासाठी एकही ओळ नाही. पुढचा कुठलाही करार, आरसेप असो वा दुसरा, सहीला जाण्याआधी शुल्ककपातीची यादी संबंधित राज्यांच्या विधिमंडळात ठेवली जावी आणि ज्या पिकाला, ज्या धंद्याला झळ बसणार त्याच्यासाठीची रक्कम त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात दिसावी. एवढं होईल त्या दिवशी चीनसह कुठल्याही देशाशी बोलायला बसावं असं मी म्हणेन, आणि माझ्या नातेवाईकांनाही तसंच सांगेन.