समोर कोण बसलंय

रविवार, रात्री.

आज कॅटनच्या (विटा, मेंढ्या असा माल एकमेकांत बदलून घ्यायचा पटावरचा खेळ) डावात एकाने सहज शेरा मारला, "बायकांशी सौदा पटकन होतो, त्या ताणून धरत नाहीत." त्यानंतर मी मुद्दाम सौद्यांवरच नजर ठेवली. गडी मोठा गमतीचा! माझ्याकडून एका विटेच्या बदल्यात दोन मेंढ्या घेतल्या आणि शेजारच्या मित्राला तशीच वीट एका मेंढीवर देऊन टाकली. वर "तू काय, आपलाच" हेही होतंच. म्हणजे सहकार्य पुरुषही करतात, फक्त माणूस बघून.

असंच काहीसं २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. कैद्यांच्या पेचासारखे खेळ (दोघांनी एकमेकांना साथ द्यायची की दगा, हे ज्याचं त्याने ठरवायचं), त्यांवरचं पन्नास वर्षांचं संशोधन एकत्र केलं, तर बायका-पुरुषांच्या सहकार्यात एकूण फरक जवळजवळ शून्य. पण पुरुष-पुरुष जोड्यांत बायका-बायकांपेक्षा जास्त सहकार्य, आणि मिश्र जोड्यांत बायका पुरुषांपेक्षा पुढे. आपण मात्र मिश्र टेबलावर बसून बायकांचा स्वभाव ठरवतो.

चुरशीचं प्रकरण वेगळं. नीडर्ले आणि वेस्टरलुंड यांचा २००७ चा प्रयोग: पाच मिनिटांत दोन अंकी संख्यांच्या बेरजा करायच्या, प्रत्येक संचात पाच संख्या. नंतर निवड करायची: प्रत्येक बरोबर उत्तराचे पैसे घ्यायचे, की चौघांत पहिला येईल त्यालाच जास्त दराने मिळणारे? बेरजा बायका-पुरुष दोघांनाही सारख्याच जमल्या, पण स्पर्धा निवडली ७३ टक्के पुरुषांनी आणि ३५ टक्के बायकांनी. यात बेतास बात बेरजा करणारे कित्येक पुरुषही उतरले आणि पैसे घालवून बसले. 'बायका मागे राहतात' एवढंच मथळ्यात येतं, ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही. मला तीच जास्त रंजक वाटते.

मग २००९ चा, टेनिसचा चेंडू बादलीत टाकण्याचा प्रयोग. टांझानियातल्या पितृसत्ताक मसाईंमध्ये स्पर्धा निवडली ५० टक्के पुरुषांनी आणि २६ टक्के बायकांनी. मेघालयातल्या खासींमध्ये वंश आईकडून चालतो, घर धाकट्या मुलीकडे जातं; तिथे ५४ टक्के बायकांनी, ३९ टक्के पुरुषांनी. दोनच समाज आहेत, त्यावरून सगळ्या जगाचा निकाल लागत नाही, कबूल. पण 'ते रक्तातच असतं' म्हणणाऱ्याने आधी खासी बायकांचं काय करायचं ते सांगावं.