केस मॅनेजमेंट हिअरिंगला जाताना कॅलेंडर सोबत न्या

कमर्शियल कोर्टात पहिल्या केस मॅनेजमेंट हिअरिंगला बहुतेक वकील वादाच्या मुद्द्यांचा (कोर्टाने ठरवायच्या प्रश्नांचा) कच्चा मसुदा तेवढा घेऊन जातात. मुद्दे निघतात, 'पुराव्यासाठी' म्हणून पुढची तारीख पडते आणि दावा जुन्याच चालीने चालू लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १५-अ त्या दिवशी याहून बरंच काही मागतो. मुद्दे काढायचे, साक्षीदारांची यादी करायची, सरतपासणीची (स्वतःच्या साक्षीदाराच्या जबाबाची) प्रतिज्ञापत्रं कधी येणार, उलटतपासणी कधी, लेखी युक्तिवाद कधी, तोंडी कधी आणि त्याला कोणाला किती वेळ, हे सगळं ठरवायचं. वर नियम ३ ची अट आहेच: पहिल्या हिअरिंगपासून सहा महिन्यांच्या आत युक्तिवाद संपले पाहिजेत.

माझ्या मते हे वेळापत्रक खरं तर त्याआधीच ठरलेलं असतं, दस्तऐवज मान्य-अमान्य करण्याच्या तक्त्यात. तो तक्ता ढिला असेल तर पुढच्या तारखा रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदवहीत) लिहिण्यापुरत्या.

आधी हिशेब. कमर्शियल कोर्टात जातो तो ३ लाखांपासून पुढचा व्यापारी वाद (२०१८ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा १ कोटी होती). तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. ती पार पडली, दावा दाखल झाला, समन्स बजावलं गेलं. कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, ३० दिवस, कारण दाखवून आणि कोर्ट म्हणेल तो खर्च भरून जास्तीत जास्त १२०. १२१ व्या दिवशी कैफियत देण्याचा हक्क संपतो. साध्या दाव्यातली त्यानंतरही मुदत वाढवून मिळण्याची सवलत इथे नाही. त्यानंतर दस्तऐवजांची पाहणी ३० दिवसांत, स्वीकार-नकाराचं निवेदन (म्हणजेच वरचा तक्ता) पुढच्या १५ दिवसांत, आणि त्या निवेदनाची सर्वांची प्रतिज्ञापत्रं आल्यापासून चार आठवड्यांत पहिली हिअरिंग. मग सहा महिने, आणि निकालाला ९० दिवस. बेरीज साधारण ४६५ दिवसांची होते, तीही प्रतिवादीने १२० दिवस पूर्ण वापरले असं धरून. कायद्याने आखलेला मार्ग सव्वा वर्षाहून थोडा लांब आहे. प्रत्यक्षात लागणारा जादा वेळ कुठे जातो ते शोधायचं तर पाहणी आणि स्वीकार-नकार या ४५ दिवसांपासून सुरुवात करा.

कमर्शियल दाव्यात वादीने वादपत्रासोबतच आपल्या ताब्यातले सगळे संबंधित दस्तऐवज द्यायचे असतात, स्वतःच्या विरुद्ध जाणारेसुद्धा. यादीत प्रत्येकासमोर मूळ आहे, ऑफिस कॉपी आहे की झेरॉक्स, तो कोणी केला, कसा पाठवला किंवा मिळाला, कोणाच्या ताब्यातून आला हे लिहायचं, आणि याहून काही आपल्याकडे नाही असं शपथेवर सांगायचं. इथे कंटाळा केला की पुढे 'हा कागद आधी का दिला नाही' याचं वाजवी कारण देत बसावं लागतं. दावा दाखल करताना तो कागद वादीच्या ताब्यातच नव्हता, तर गोष्ट वेगळी. तिथे त्या कारणाची सक्ती लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सुधीर कुमार प्रकरणात २०२१ मध्ये सांगितलं आहे. प्रतिवादीलाही कैफियतीसोबत हेच सगळं करायचं असतं, आणि हे त्याच्या बाजूला अनेकदा उशिरा लक्षात येतं.

आता तक्ता. आदेश ११ नियम ४ पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: मजकूर बरोबर आहे का, दस्तऐवज अस्तित्वात आहे का, तो निष्पादित (सही वगैरे होऊन पुरा) झाला का, पाठवला किंवा मिळाला का, आणि ताबा कोणाचा. एकूण रकाने किमान नऊ होतात: अनुक्रमांक, दस्तऐवजाचं वर्णन, पान क्रमांक, हे पाच, आणि शेवटी कारण. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नुसता 'नाकबूल' हा नकार धरलाच जात नाही, कारण द्यावं लागतं. आणखी एक गोष्ट निसटते: अस्तित्वाबद्दल कबुली दिली की त्यात मजकुराचीही कबुली येते, असं नियमाच्या स्पष्टीकरणातच आहे. बीजकं होती पण त्यातला दर चुकीचा, असं म्हणायचं असेल तर ते तिथेच, त्याच ओळीत लिहा.

माल पुरवठ्याचा दावा घ्या. ४२ बीजकं, तेवढीच डिलिव्हरी चलनं, खरेदी आदेश, ई-मेल, खातेउतारा. प्रतिवादीने 'सर्व चलनं नाकबूल' लिहिलं की वादीला गोदामाचा माणूस, ड्रायव्हर, हिशेबनीस, सगळे साक्षीला आणावे लागतात. त्याऐवजी '१ ते ३८ वरची सही आमच्या गोदामाची, मान्य. ३९ ते ४२ वरची सही आमच्या कोणाची नाही, त्या आठवड्यात गोदाम बंद होतं' असं लिहिलं तर वाद चार चलनांवर येतो, साक्षीदार दोन पुरतात, आणि मान्य दस्तऐवजांवर साक्षीदाराशिवाय निशाणी (पुराव्यातला क्रमांक) पडते. नकार खरा असेल तर द्यावाच, पण अशिलाला आधी विचारून. ऑफिसातल्या ज्युनिअरने संध्याकाळी बसून भरलेला तक्ता उलटतपासणीत अशिलाच्याच अंगावर येतो, कारण या निवेदनाच्या पाठिंब्याला त्याचं प्रतिज्ञापत्र असतं. विनाकारण नकारासाठी दंडात्मक खर्चही बसू शकतो.

मग कॅलेंडर. ते शेवटाकडून मागे आखावं. समजा हिअरिंग २ फेब्रुवारीला आहे. म्हणजे युक्तिवाद २ ऑगस्टपर्यंत संपले पाहिजेत. तोंडी युक्तिवाद २० जुलैला सुरू करायचे तर आदेश १८ प्रमाणे लेखी युक्तिवाद चार आठवडे आधी, म्हणजे २२ जूनच्या आसपास. मध्ये उन्हाळ्याची सुटी. महाराष्ट्रातल्या कोर्टांत मे महिन्याचा बराचसा भाग आणि जूनची सुरुवात त्यात जाते, त्यामुळे पुरावा एप्रिलअखेर संपला नाही तर तो जूनमध्ये लेखी युक्तिवादाच्या तारखेवर येऊन आदळतो. मागे मोजलं की चित्र असं दिसतं: वादीच्या सगळ्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं २ मार्चला, उलटतपासणी २३ मार्चपासून सलग, प्रतिवादीची प्रतिज्ञापत्रं ६ एप्रिलला, उलटतपासणी २० एप्रिलपासून. प्रतिज्ञापत्र आणि उलटतपासणी यांत दोन-तीन आठवडे ठेवायचे, नाहीतर समोरचा वकील 'प्रत कालच मिळाली' म्हणून तहकुबी मागतो, आणि तिला नाही म्हणणं कोर्टाला अवघड जातं.

एका पक्षाच्या सगळ्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं एकदम द्यायची, हा आदेश १८ नियम ४(१-अ) चा नियम आहे. पहिल्याची उलटतपासणी कशी जाते ते पाहून दुसऱ्याचं प्रतिज्ञापत्र बेतायचं, या जुन्या सवयीवर हा घाव आहे. नंतरचं जादा प्रतिज्ञापत्र हवं तर अर्ज, पुरेसं कारण आणि कोर्टाचा सकारण आदेश. उलट, साक्षीदार नकोसा वाटला तर त्याची उलटतपासणी सुरू होण्याआधी प्रतिज्ञापत्र मागे घेता येतं आणि त्यावरून प्रतिकूल अनुमान काढलं जात नाही; मात्र त्यात दिलेल्या कबुल्या समोरचा वापरू शकतो. दोन्ही पक्षांनी एकाच दिवशी अदलाबदल करावी असंही काहींचं म्हणणं असतं. वेळ वाचतो हे खरं. पण वादीची उलटतपासणी व्हायच्या आधीच प्रतिवादीचा साक्षीदार लिहून मोकळा होतो, आणि त्याच्या प्रतिज्ञापत्रात कैफियतच पुन्हा उतरते. मला दोन टप्पे बरे वाटतात, फक्त दोन्ही तारखा एकाच आदेशात हव्यात.

कैफियत उतरवण्याला आदेश १९ नियम ६ सरळ आडवा येतो. प्रतिज्ञापत्र घटनाक्रमाने हवं, एका परिच्छेदात एकच बाब, काय स्वतःच्या माहितीतलं आणि काय ऐकीव ते वेगळं, ऐकीव असेल तर कुठून कळलं, पानांना सलग क्रमांक, तारखा आणि सगळ्या संख्या आकड्यांत. नुसती वादपत्राची नक्कल किंवा कायद्याचे मुद्दे भरले असतील तर कोर्ट तेवढा भाग किंवा सगळंच काढून टाकू शकतं. 'प्रतिवादीने कराराचा मूलभूत भंग केला' हे साक्षीदाराने सांगायचं नसतं. 'माल १२ तारखेला आला, मी ३ खोकी उघडून पाहिली, दोन ओली होती' हे सांगायचं असतं.

वेळापत्रक सगळ्यात जास्त कोलमडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, इलेक्ट्रॉनिक पुरावा. ई-मेलची आणि व्हॉट्सॲपची प्रिंट जोडताना आदेश ११ नियम ६ चं घोषणापत्र लागतं, आणि पुराव्यात वाचण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्रही. एक दिलं की दुसरं चालून जातं, हा गैरसमज आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नमुन्यात भाग अ रेकॉर्ड सादर करणाऱ्याचा आणि भाग ब तज्ज्ञाचा असतो, दोन्हीत हॅश व्हॅल्यू (फाइलची ओळख पटवणारा, तिच्यावरूनच काढलेला सांकेतिक आकडा). तज्ज्ञ शोधणं, फोन त्याच्याकडे नेणं, हॅश काढणं यात दिवस जातात, आणि तोवर अशिलाने फोन बदललेला असतो. हे काम दावा दाखल करतानाच उरका. प्रमाणपत्र ही औपचारिकता नाही, हे जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने २०२० मध्ये जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब बाबत पक्कं केलं. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागता येतं, हेही त्याच निकालात आहे. तो अर्ज हिअरिंगच्या दिवशी तयार असला पाहिजे.

दुसरं, मुद्रांक. साध्या १०० रुपयांच्या स्टॅम्पवर केलेला करार साक्षीदाराच्या हातात दिला की समोरून हरकत येते, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे तो जप्त होतो, आणि कमी पडलेलं शुल्क व दंड भरेपर्यंत पुराव्यात वाचता येत नाही. सलग उलटतपासणीचा आठवडा तिथेच बुडतो. कराराचा मुद्रांक कैफियत येण्याआधी तपासून घ्यावा आणि कमी असेल तर स्वतःहून भरून टाकावा.

संक्षिप्त निकाल, म्हणजे तोंडी पुरावा न घेता निकाल, मागायचा असेल तर आदेश १३-अ चा अर्ज मुद्दे निघण्याआधी करावा लागतो. नंतर तो दारच बंद.

तारीख चुकली तर? आदेश १५-अ च्या नियम ८ प्रमाणे कोर्ट खर्चावर माफ करू शकतं, प्रतिज्ञापत्राचा, उलटतपासणीचा किंवा युक्तिवादाचा हक्क बंद करू शकतं, आणि चूक जाणूनबुजून व वारंवार होत असेल, खर्चाने भागत नसेल, तर दावा फेटाळू किंवा मंजूरही करू शकतं. वकील हजर नाहीत एवढ्यावरून हिअरिंग तहकूब होत नाही. उशीर होणारच असं दिसलं तर तारखेच्या आधी अर्ज द्या, नवी नेमकी तारीख सुचवा आणि बाकीच्या तारखा कशा जागेवर राहतात तेही लिहा. 'पुढील योग्य तारीख मिळावी' अशा अर्जाने काही साधत नाही.

तालुका कोर्टातल्या साध्या दाव्याला आदेश १५-अ लागू नाही. पण तिथेही आदेश १२ नियम २ ची दस्तऐवज मान्य करण्याची नोटीस देता येते, तिला सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि स्पष्ट नकार आला नाही तर दस्तऐवज मान्य धरला जाऊ शकतो. मुद्दे निघाल्यापासून १५ दिवसांत साक्षीदारांची यादी देण्याचा नियमही आदेश १६ मध्ये आहेच. ही दोन्ही पानं आपल्याकडे फारशी उलटली जात नाहीत. नोटिशीला तर वकिलाच्या लेटरहेडचं एक पान पुरतं.