डेबियन ११ वरून १२ वर जाताना मॉनिटर, आवाज आणि वायफाय कसं घालवलं आणि कसं परत मिळवलं

मी सबटायटल्सचं काम करते, नाशिकला घरूनच. लॅपटॉपच्या स्क्रीनवर व्हिडिओ, बाहेरच्या मोठ्या मॉनिटरवर मजकूर आणि कानात हेडफोन, यातलं एक जरी गेलं तरी काम ठप्प. लॅपटॉपवर २०२१ पासून डेबियन ११ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक सिस्टीम) होतं, भाच्याने टाकून दिलेलं, आणि तीन वर्षं त्याने काही म्हणजे काही त्रास दिला नाही त्यामुळे आत काय चाललंय ते बघायची वेळच आली नाही. मग ऑगस्ट २०२४ मध्ये ११ चा नेहमीचा सिक्युरिटी सपोर्ट संपला, पुढचं एलटीएसवाले (जुन्या आवृत्त्या जास्त काळ सांभाळणारे) बघणार होते, तर भाचा म्हणाला मावशी आता १२ वर ये, मी येतो तेव्हा करू. मी म्हटलं तू कधी येणार बेंगळुरूहून, मीच करते. इथूनच सुरुवात.

शनिवारी संध्याकाळी बसले. सोमवारी सकाळी एक एपिसोड द्यायचा होता, पण रविवार अख्खा मोकळा आहे ना, असा हिशोब. रूटचं पार्टिशन, म्हणजे सिस्टीम राहते तो डिस्कचा भाग, २५ जीबीचं आणि त्यात जेमतेम २ जीबी शिल्लक, अपग्रेडला त्याहून जास्त जागा हवी होती. म्हणून आधी साफसफाई काढली. आमच्याकडे दिवाळीआधी माळा उपसतात तसं एकेक पॅकेज (म्हणजे प्रोग्रॅमचा गठ्ठा) बघत, हे काय आहे, कधी वापरलंय, टाका. त्यात लिनक्स-हेडर्स नावाचं काहीतरी दिसलं, वर्णनात लिहिलं होतं मॉड्यूल्स बनवणाऱ्यांसाठी. मी कुठे मॉड्यूल्स बनवते? टाका.

अपग्रेड तसं सुरळीत झालं. सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीत, बुल्सआय (११ चं नाव) होतं तिथे बुकवर्म (१२ चं) केलं, दीड-दोन तास पॅकेजेस उतरत आणि चढत राहिली, मधे मधे विचारलं जुनी सेटिंग फाइल ठेवू का नवी घेऊ, मी सगळीकडे नवी म्हटलं. रात्री साडेदहाला रीस्टार्ट. नवा वॉलपेपर आला, आवाज येत होता, वायफाय होतं, फक्त बाहेरचा मॉनिटर काळा, ‘नो सिग्नल’.

आता यात मी काय केलं असेल तर केबलवर संशय घेतला. रविवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊन ४५० रुपयांची नवी एचडीएमआय केबल आणली. नो सिग्नल. मग मॉनिटर टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला लावून बघितला, तिथे व्यवस्थित मराठी बातम्या दिसल्या. म्हणजे केबल ठीक, मॉनिटर ठीक. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाची हालहवाल सांगणारी कमांड) चालवलं तर म्हणे ड्रायव्हरशी बोलणंच होत नाहीये.

इथे थांबून भाच्याला फोन करायला हवा होता. पण तो रविवारचा उशिरा उठतो, म्हणून तोपर्यंत आपण अपग्रेडची राहिलेली कामं उरकून घेऊ असं वाटलं. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये शेवटी दिलंय की जी पॅकेजेस आता कुठल्याच सोर्समध्ये मिळत नाहीत ती ‘ऑब्सोलीट’, पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटी या प्रोग्रॅमच्या लिस्टला टिल्डा आणि ओ दिलं की त्यांची यादी येते आणि पर्जला तेच दिलं की सगळी उडतात. यादी आली, पन्नासेक नावं असतील, मी वरच्या दहा-बारा ओळी वाचल्या, लिब अमुक लिब तमुक, आणि एंटर. जागा पण होईल म्हटलं. परत रीस्टार्ट.

आणि आता वायफाय पण नाही आणि आवाज पण नाही. वायफायचं चिन्हच गायब. साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून एकच नाव, ‘डमी आउटपुट’. आदल्या रात्रीपर्यंत एक दुखणं होतं, दुपारी एक वाजता तीन झाली.

मग फोन केलाच. भाचा म्हणाला, ‘मावशी, लॉग काय म्हणतोय?’ याचं उत्तर मला येत होतं, कारण तीन वर्षांपूर्वी त्यानेच शिकवलं होतं, काही झालं की व्हार-लॉग-मेसेजेस ही फाइल उघडायची आणि खालून वर वाचायची. उघडली. साउंडची ओळ शोधली, वाचून दाखवली, त्यात फर्मवेअर इन्फो, व्हर्जन अमुक, म्हणजे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) व्यवस्थित लोड झालेलं. वायफायचं पण लोड झालेलं. एरर एक नाही. तो बुचकळ्यात, मी त्याच्याहून. अर्धा-पाऊण तास आम्ही त्या फाइलीवर डोकं आपटलं, त्याने मला दोनदा आवाज म्यूट आहे का विचारलं, अल्सामिक्सर उघडायला लावलं, तिथे मिक्सर दाखवायला साउंड कार्डच नाही.

शेवटी तो म्हणाला, ‘मावशी, ओळीच्या सुरुवातीला वेळ काय दिलीय?’

मी वाचलं, नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

‘सकाळचे?’

सकाळी पावणेदहाला तर मी केबलच्या दुकानात होते. तारीख बघितली, शनिवारची. रात्रीचे नऊ अठ्ठेचाळीस. फाइलमधली शेवटची ओळ, म्हणजे अगदी शेवटची, शनिवारी रात्रीची, अपग्रेड चालू असतानाची! त्यानंतर त्या फाइलीत कोणी अक्षर लिहिलेलं नाही. आम्ही पाऊण तास काल धडधाकट असलेल्या माणसाचा रिपोर्ट वाचत होतो.

कारण नंतर कळलं. लॉग लिहिण्याचं काम आरसिसलॉग करायचा, १२ मध्ये त्याची सेटिंग बदलली, मेसेजेस, डिमन, डीबग या फाइली तो आता लिहीतच नाही, सिसलॉग आणि अजून काही लिहितो, पण त्याही तारखेच्या वेगळ्या पद्धतीने, आधी वर्ष मग महिना मग दिवस आणि सेकंदाचे सहा दशांश. नव्याने १२ टाकलं तर आरसिसलॉग येतच नाही, सगळं सिस्टीमडीच्या (सिस्टीम सुरू करणाऱ्या-सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जर्नलमध्ये. मी अपग्रेड केलेलं त्यामुळे तो होता, पण ‘नवी सेटिंग घे’ असं मीच म्हटलेलं. जुनी फाइल कोणी पुसत नाही, ती तशीच पडून राहते, उघडली की बिचारी आपलं जुनं सांगते.

तर मग जर्नलसीटीएल, ते जर्नल वाचायची कमांड. फोनवरून कमांड सांगणं हा एक वेगळाच प्रकार आहे, ‘मायनस के, मायनस बी, मधे स्पेस दे मावशी, स्पेस!’ के म्हणजे फक्त कर्नलचे (सिस्टीमच्या गाभ्याचे) मेसेजेस, बी म्हणजे आत्ताच्या बूटचे, म्हणजे परत शनिवार वाचायची भानगड नको. पहिल्यांदा सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क देणारा शब्द) लावलं नाही तर जर्नलने वरतीच सांगितलं की तुम्हाला सिस्टीमचे मेसेजेस दिसत नाहीयेत. सुडो लावून परत. आणि मग दिसलं, लाल-पिवळ्या अक्षरात, ओळीवर ओळ. साउंडवाला सोफ-सीएमएल डॉट आरआय नावाची फाइल मागतोय, ‘फेल्ड विथ एरर मायनस टू’. मायनस टू म्हणजे अशी फाइलच नाही. खाली त्याने स्वतःच लिहिलंय की सोफ फर्मवेअरची फाइल गायब आहे, डाउनलोड करावी लागेल. वायफायची तर फारच केविलवाणी अवस्था, ७२ नंबरची फाइल आहे का, नाही, ७१ आहे का, नाही, ७० आहे का, असं उतरत उतरत दारोदार विचारून शेवटी ‘योग्य फर्मवेअर सापडलं नाही’ म्हणून गप्प.

भाचा एकदम शांत झाला आणि म्हणाला, ‘मावशी, सकाळपासून तू काही काढलंस का?’

काय काढलं ते मला कुठे आठवतंय. पण एपीटी स्वतःची वही वेगळी ठेवतो, व्हार-लॉग-एपीटी मधली हिस्टरी डॉट लॉग, तिचा आरसिसलॉगशी संबंध नाही म्हणून ती ताजी होती. त्यात सकाळची माझी कमांड जशीच्या तशी आणि खाली ‘पर्ज’ म्हणून पन्नास नावं. मी न वाचलेल्या ओळींमध्ये फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-सोफ-साइन्ड, इंटेल-मायक्रोकोड, आणि जुनं ५.१० कर्नल. ‘जुन्या कर्नलवर बूट करून बघू’ असं तो नुकतंच म्हणत होता, तर तो दोरही कापलेला. सूर्याजीने निदान लढाई जिंकायला कापले होते.

पण फर्मवेअर ऑब्सोलीट कसं काय? तर डेबियन १२ पासून फर्मवेअरची पॅकेजेस ‘नॉन-फ्री’ मधून उचलून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाच्या नव्या कप्प्यात ठेवलीत. माझ्या सोर्सेस लिस्टमध्ये मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री एवढंच, नवा कप्पा मी लिहिलाच नव्हता, त्यामुळे एपीटीच्या दृष्टीने ही पॅकेजेस आता जगात कुठेच मिळत नाहीत, म्हणजे ऑब्सोलीट. त्याचं चुकलं नाही. रिलीज नोट्समध्ये हे लिहिलंय. इतकंच काय, एपीटी अपडेट केल्यावर सगळ्यात खाली ‘एन’ अक्षराने सुरू होणारी एक नोटीस येत होती तीही हेच सांगत होती, मी ती दोन-तीनदा बघितली आणि वॉर्निंग नाही नुसती नोटीस आहे ना म्हणून सोडून दिली. सोसायटीच्या बोर्डावरच्या नोटिशीचं करतो तेच.

आता इंटरनेट नाही आणि फर्मवेअर इंटरनेटवर. याला मात्र सोपा उपाय निघाला, मोबाइल यूएसबी केबलने लावायचा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, लॅपटॉपला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं, फर्मवेअर वगैरे लागत नाही. नॅनो या साध्या एडिटरमध्ये सोर्सेस लिस्ट उघडून नॉन-फ्री च्या पुढे स्पेस देऊन (दिली मी, न सांगता) नॉन-फ्री-फर्मवेअर लिहिलं, अपडेट, मग वहीतली ती तिन्ही पॅकेजेस परत टाकली. पाच मिनिटांचं काम. रीस्टार्ट केल्यावर वायफाय आलं, स्पीकर आला, डमी आउटपुट गेलं.

मॉनिटरचं राहिलंच होतं. तिथे माझी शनिवारची साफसफाई भोवली होती. माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडिया कार्डाला जोडलेलं आहे, लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन इंटेलवर, म्हणून आतली चालू आणि बाहेरची काळी. एनव्हिडियाचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) प्रत्येक नव्या कर्नलसाठी मशीनवरच नव्याने तयार व्हावं लागतं, ते डीकेएमएस करतं, आणि त्याला त्या कर्नलचे हेडर्स लागतात. ‘मी कुठे मॉड्यूल्स बनवते’ तर मी नाही, पण डीकेएमएस बनवत होतं बिचारं, तीन वर्षं, दर कर्नल अपडेटला, मला न सांगता. ६.१ कर्नल आलं, हेडर्स नाहीत, त्याने बिल्ड सोडून दिलं, आणि तसं लिहिलंही होतं, त्या दीड-दोन तासांच्या धबधब्यात कुठेतरी. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाकलं, पंख्याने विमानासारखा आवाज केला, तीन-चार मिनिटांत मॉड्यूल तयार. डीकेएमएस स्टेटसमध्ये ६.१ समोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) भाच्याने पहिल्या दिवशीच बंद करून ठेवलं होतं, चालू असतं तर ती एमओके की नोंदवायची निळी स्क्रीन आणि पासवर्ड वगैरे वेगळं प्रकरण झालं असतं. रीस्टार्ट, आणि मॉनिटर लागला. संध्याकाळचे सात.

लागला आणि आवाज परत गेला.

मी फोन ठेवला होता, आता परत करायला लाज वाटली, म्हणून स्वतःच जर्नल वाचलं. एरर नाही, साउंड कार्ड जागेवर. डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस म्हणून कमांड आहे, त्यात सगळी आउटपुट्स दिसतात आणि जे चालू आहे त्याच्यापुढे एक छोटी चांदणी असते. चांदणी एचडीएमआयपुढे. म्हणजे आवाज व्यवस्थित जात होता, मॉनिटरमध्ये, आणि मॉनिटरला स्पीकरच नाहीत. आधी आवाज सांभाळायला पल्सऑडिओ होता त्याला मी कधीतरी सांगून ठेवलं असणार की स्पीकरच वापर, १२ मध्ये नोमवर (माझ्या डेस्कटॉपवर) त्याच्या जागी पाइपवायर आणि वायरप्लंबर आले, त्यांना माझ्या जुन्या आवडीनिवडी काय माहीत. नवी सून म्हणायची आणि काय. गंमत म्हणजे पॅक्टल इन्फो विचारलं तर सर्व्हरचं नाव ‘पल्सऑडिओ ऑन पाइपवायर ०.३.६५’ असं येतं, म्हणजे जुन्या प्रोग्रॅम्सना वाटत राहतं की सासूबाईच आहेत. सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर निवडला, तेव्हापासून बरोबर लक्षात ठेवतंय.

रात्री एक वाजेपर्यंत एपिसोड केला आणि सोमवारी साडेनऊला पाठवला. भाच्याने नंतर सुचवलं की सगळं जर्नलमध्ये येतंच आहे तर तेच लॉग दोनदा कशाला साठवायचे, आरसिसलॉग काढून टाक, तेवढीच जागा होईल. म्हटलं आता मी काहीही काढणार नाही. जर्नल तेवढं व्हॅक्युम-साइज देऊन ३०० एमबीवर आणलं, आणि ती जुनी मेसेजेस फाइल ठेवलीय, फक्त नाव बदलून ‘मेसेजेस-जुनी-वाचू-नये’ केलंय.

डेबियन १३ आलंय ऑगस्ट २०२५ मध्येच. भाचा अधूनमधून विचारतो. आधी म्हटलं गणपती होऊ दे, मग दिवाळी, आता म्हटलंय तू येशील तेव्हा करू.