मार्शलचा उजवा पाय

दीड महिना झाला त्या गोष्टीला, पण अजून डोक्यातून जात नाही. एका पेशंटने मला टीव्हीसाठी खोलीबाहेर काढलं.

दुपारचे बारा वाजून पाच मिनिटं. चालवताना पेशंटच्या कमरेला बांधतात तो पट्टा माझ्या खांद्यावर, हातात वॉकर, आणि मी हसतमुखाने "चला, उठायचं का?" म्हणत आत शिरले. आजोबांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला, चौकातला हवालदार करतो तसा. "मार्शल चालू आहे. साडेबाराला ये."

मिरजेला फिजिओथेरपी शिकत होते तेव्हा पेशंट आम्हा पोरींनाही डॉक्टर म्हणायचे आणि उठा म्हटलं की उठायचे. नाही उठले तर सून ओरडायची, मुलगा ओरडायचा, शेजारच्या कॉटवरचा पेशंटसुद्धा ओरडायचा. इथे अमेरिकेत, कॅन्ससमध्ये, ‘नको’ म्हणायचा पेशंटला कायद्याने हक्क आहे. नको म्हणाले की ‘नकार दिला’ असं लिहायचं आणि निघायचं. तत्त्व म्हणून पटतं मला ते. पण माझी दिवसातली किती मिनिटं प्रत्यक्ष पेशंटबरोबर गेली याची टक्केवारी रोज संध्याकाळी निघते, आणि ती घसरली की विचारणा होते. हक्क त्यांचा, टक्केवारी माझी. चार वर्षं झाली, तरी हे गणित माझ्या पोटात नीट बसलेलं नाही. मिरजेत पगार म्हणून काय मिळायचं ते सांगत नाही, पण मी किती मिनिटं हात चालवला हे कुणी मोजलं नव्हतं. (कामाला किती वाजता आले हेही कुणी मोजलं नव्हतं, ते सोडा.)

पेशंटबद्दल लिहिताना इथे फार जपावं लागतं, म्हणून नाव-गाव नाही आणि थोडे तपशील बदललेत. एवढंच सांगते की आजोबा आयुष्यभर गहू पिकवलेले शेतकरी, वय ऐंशीच्या पुढे, घराच्या पायऱ्यांवरून पडून उजवा खुबा मोडलेला. त्यांना मी मनात आजोबा म्हणते. तोंडावर त्यांना नुसत्या नावाने हाक मारावी लागते, कारण ते स्वतःच तसं सांगतात. पहिले कित्येक दिवस माझी जीभ वळत नव्हती.

साडेबाराला परत गेले तर दुसरा भाग सुरू झालेला. मी दारातच उभी राहिले. आजोबा म्हणाले, "बस, नाहीतर पडद्यासमोरून बाजूला हो." बसले.

मालिकेचं नाव ‘गनस्मोक’. १९५५ ते १९७५, वीस वर्षं, ६३५ भाग. डॉज सिटी नावाचं गाव, त्यात कायदा राखणारा मार्शल मॅट डिलन, आणि रोज कुणीतरी बाहेरून येऊन गावाच्या शांततेवर उठतो. मार्शल म्हणजे जेम्स आर्नेस, सहा फूट सात इंच. दार उघडून आत येताना चौकटीला वाकून यावं लागेल असा माणूस. आमच्या घरी वेस्टर्न म्हणजे बाबांनी रविवारी लावलेला क्लिंट ईस्टवूड, तोंडात चिरूट आणि डोळे बारीक. हा तसला नाही. हा दमलेला वाटतो. गोळी झाडल्यावर याला आनंद होत नाही.

पण मी बघत होते त्याचा पाय. आमच्या धंद्यात ही खोडच लागते. लग्नात नवरदेव मांडवात शिरला की आम्ही त्याचे तळवे सपाट आहेत का ते बघतो. मार्शल रस्ता ओलांडत होता आणि उजव्या पायावर वजन आलं की ते किंचित लवकर काढून घेत होता. फार बारीक, पाव सेकंदाचा फरक. नंतर बारपाशी उभा राहिला तो सगळा भार डाव्या पायावर टाकून.

"हा लंगडतो का?" मी विचारलं.

"लंगडतो तो चेस्टर. मार्शलचा मदतनीस."

"तो दिसतोच आहे. मी उंच माणसाबद्दल विचारतेय."

आजोबांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. मालिका चालू असताना त्यांनी असं केलेलं मी त्या एकदाच पाहिलं. मग एकच शब्द म्हणाले, "अँझिओ."

घरी येऊन मी रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. जेम्स आर्नेस, मूळ आडनाव ऑर्नेस, त्याचे आजोबा नॉर्वेहून आलेले, जन्म १९२३ चा, मिनिॲपोलिसचा. पोराला व्हायचं होतं नौदलात वैमानिक, पण विमानाच्या खोबणीत हा मावणार कसा? पायदळात भरती झाला. जानेवारी १९४४, इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर अमेरिकन फौज उतरली तेव्हा पाणी किती खोल आहे ते बघायला होडीतून सगळ्यांत आधी यालाच उतरवलं. सगळ्यांत उंच म्हणून! पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं म्हणे. पुढे दहा दिवसांत, १ फेब्रुवारीला, मशिनगनच्या गोळ्यांनी उजव्या पायाच्या हाडांचा चुरा केला. वय वीस. मग शस्त्रक्रिया, आयोवातल्या क्लिंटनचं लष्करी इस्पितळ, आणि २९ जानेवारी १९४५ ला लष्करातून सुट्टी. मी बोटांवर मोजलं, जवळजवळ पूर्ण वर्ष. आज त्या वर्षभरात इन्शुरन्सवाल्यांनी किती फोन केले असते ते मला विचारा.

नंतरची कहाणी पटकन सांगते. काही दिवस रेडिओवर निवेदक, मग लिफ्ट मागत हॉलीवूड. १९५१ मध्ये एका चित्रपटात परग्रहावरून आलेला राक्षस झाला. त्या वेषात आपण भलंमोठं गाजर दिसतो असं त्याचं मत होतं. जॉन वेनच्या मर्जीतला झाला, त्याच्या चार चित्रपटांत दिसला, आणि १० सप्टेंबर १९५५ ला ‘गनस्मोक’चा पहिला भाग लागला तेव्हा जॉन वेनने स्वतः पडद्यावर येऊन या नव्या माणसाची ओळख करून दिली. पुढची वीस वर्षं तोच टोप, तोच पट्टा.

आणि तोच पाय. घोड्यावर चढ-उतार केली की ठणकायला लागायचा. चालण्याचे प्रसंग सकाळी, पाय ताजा असताना उरकून घ्यायचे असं सांगतात. म्हणजे मला जो पाव सेकंद दिसला तो सकाळचा पाव सेकंद होता. संध्याकाळचा पाय प्रेक्षकांनी बघितलेलाच नाही.

आता चेस्टरचं ऐका. मला झोप लागली नाही ती याच्यामुळे. चेस्टर म्हणजे डेनिस वीव्हर. नायकाबरोबरचा माणूस धडधाकट असेल तर तो गोळीबारात का उतरत नाही असं लोक विचारतील, म्हणून त्याला काहीतरी व्यंग हवं, असं ठरलं. वीव्हरने एक पाय ताठ धरून चालायचं ठरवलं आणि नऊ वर्षं तसाच चालला. हा वीव्हर कोण? १९४८ च्या ऑलिंपिकसाठी डेकॅथलॉनच्या निवड चाचणीत सहावा आलेला गडी! धावणे, उड्या, भालाफेक, सगळं. म्हणजे पडद्यावर ज्याचे पाय सगळ्यांत धड तो लंगडतोय, आणि ज्याचा पाय खरोखर गेलाय तो ताठ चालतोय, एकाच चौकटीत, शेजारी शेजारी. १९५९ मध्ये वीव्हरला त्या भूमिकेसाठी टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं. आर्नेसला तीन वेळा नामांकन आणि एकदाही पारितोषिक नाही.

मला वीव्हरचा राग यायला हवा होता, पण तो निघाला परमहंस योगानंदांच्या संस्थेचा अनुयायी, वर शाकाहारी. १९५८ पासून! कॅन्सससारख्या गोमांसाच्या राज्यात घडणारी मालिका, आणि तिच्यातला चेस्टर शाकाहारी. मी लगेच विरघळले. मी स्वतः मासे खाते, पण अभिमान वाटायला तेवढी अट नसते.

दुसऱ्या दिवशी आजोबांना मी माझा शोध सांगितला. कुठे वाचलेला नाही, माझ्या डोक्यातून निघालेला. घोड्यावर डाव्या बाजूने चढतात. डावा पाय रिकिबीत, तोच वर उचलतो, उजवा नुसता वरून फिरतो. उतरताना उलट, उजवा आधी जमिनीवर. आणि आम्ही खुबेवाल्यांना, गुडघेवाल्यांना जिन्यासाठी काय शिकवतो? चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मिरजेत शिकले, इथेही तेच. मार्शल वीस वर्षं माझ्याच नियमाने चढत-उतरत होता! फक्त जिन्याच्या पायरीला कठडा असतो, आणि घोडा हलतो. उतरताना उजवा पाय जमिनीला टेकतो तो क्षण आता मी दर भागात बघते. चेहऱ्यावर काहीच नाही. टोपाची कड थोडी खाली जाते, बस.

आजोबा त्या दिवशी न सांगता उठले. सोळा वेळा खुर्चीतून उठ-बस, सगळी जाहिरातींच्या वेळात. तेव्हापासून तोच करार. १९६१ च्या आधीचे भाग अर्ध्या तासाचे, ते लागले की माझं वेळापत्रक जमतं. त्यानंतरचे तासाभराचे, ते लागले की माझी टक्केवारी मार्शलबरोबरच धारातीर्थी.

इटलीवरून आठवण झाली म्हणून मी त्यांना यशवंत घाडग्यांचं सांगितलं. त्याच इटलीत, त्याच वर्षी जुलैत, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. हाताखालचे सगळे पडल्यावर एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. "तुमची माणसं इटलीत होती?" आजोबांनी खरोखर आश्चर्याने विचारलं, आणि मी जरा चढ्या आवाजातच होय म्हटलं. नंतर स्वतःशी कबूल केलं की लहानपणापासून माणगाववरून एसटीने कितीदा गेले, पण उतरून तो पुतळा कधी बघितलेला नाही. गाडी तिथे थांबायची ती वडापावसाठी.

६३५ भागांचं कौतुकही मी मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. म्हटलं, आमच्याकडे ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले. आजोबा म्हणाले, घोडे किती होते? म्हटलं, घोडा एकही नाही, सासू-सुना. ते म्हणाले, मग ते सोपं. (सोपं? एका सुनेला विचारा.) अमेरिकेतला प्राइम-टाइम मालिकांचा विक्रम २०१८ मध्ये ‘सिम्पसन्स’ने मोडला हे सांगितल्यावर मात्र ते चिडले. "कार्टूनला गुडघे नसतात."

एका शनिवारी मी आणि नवरा गाडी काढून डॉज सिटीला जाऊन आलो. विचिटापासून अडीच तास. वाऱ्यावर आधी गुरांच्या गोठ्यांचा वास येतो, मग गाव येतं. वायट अर्पच्या नावाचा हमरस्ता आहे, तो इथला खराखुरा कायदा राखणारा माणूस होता. आणि गनस्मोक नावाचाही रस्ता आहे, तो मार्शल कधी जन्मलाच नाही. जमीन आपल्या सोलापूरकडे असते तशी सपाट. मालिकेत मात्र गावामागे डोंगर दिसतात, कारण चित्रीकरण कॅलिफोर्नियात. आजोबांना हे सत्तर वर्षं खुपतंय. डोंगर दिसले की ते खिडकीबाहेर बघतात.

मिरजेला बाबांचा डावा गुडघा गेलाय. फिजिओ घरी येतो, चांगला मुलगा आहे, दादा-वहिनी आहेत, काही कमी नाही. मीसुद्धा व्हिडिओवर व्यायाम घेते, त्यांच्या रात्री आठला. बाबा मला ‘नको’ म्हणत नाहीत. एकदाही म्हणालेले नाहीत. मोबाइल टेबलावर ठेवतात, तो कलंडतो, मग मला पंखा दिसत राहतो आणि खालून बाबांचा आवाज येतो, "झालं, दहा झाले." मी मोजलेले असतात सहा. मीही काही बोलत नाही. आजोबांच्या खोलीत एक आकडा चुकला तर मी पुन्हा करायला लावते. त्यासाठी मला पगार मिळतो, असं मी स्वतःला सांगते.

गेल्या आठवड्यात आजोबांचा कागद आला. मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे थांबणार असतील तर निदान दोन दिवस आधी लेखी कळवावं लागतं, तसा नियम आहे. मी तो हातात घेऊन अपराध्यासारखी उभी. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "मार्शलला दोन दिवससुद्धा मिळाले नव्हते."

ते खरं आहे. १९७५ मध्ये मालिका बंद केली ती कलाकारांना न सांगता. शेवटचा भाग करताना हा शेवटचा हे त्यांना माहीत नव्हतं. निरोप नाही, काही नाही. पुढे १९८७ पासून आर्नेसने टीव्हीसाठी मॅट डिलनचे पाच चित्रपट केले, शेवटचा केला तेव्हा सत्तरी उलटली होती. २०११ मध्ये गेला, ८८ वर्षांचा होऊन.

न्यायला मुलगा आला होता, पिकअप घेऊन. इथल्या पिकअप म्हणजे आपल्या टेम्पोपेक्षा उंच. मी कमरेचा पट्टा धरून मागे उभी. आजोबांनी दाराची मूठ पकडली, फूटबोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चांगला आधी," मी म्हटलं.

"घोडा जरा मोठा आहे," असं म्हणत त्यांनी डावा पाय वर ठेवला.