‘मॉकिंगजे’वर नाराज असलेल्यांसाठी

(पुढे तिन्ही भागांचे शेवट उघड केले आहेत. अजून वाचायचे असतील तर इथेच थांबा.)

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत्रयीबद्दल बहुतेक वाचक एकच सांगतात : पहिला भाग (२००८) हातातून सुटत नाही, दुसरा (२००९) त्याच्या तोडीचा आणि ‘मॉकिंगजे’ने (२०१०) सगळं घालवलं. यातलं शेवटचं मत मला अजिबात पटत नाही. (गोष्ट थोडक्यात : कॅपिटल ही राजधानी दर वर्षी चिठ्ठ्या काढून जिल्ह्यांतली मुलं निवडते आणि रिंगणात एकमेकांना मारायला लावते. तिसऱ्या भागात त्याविरुद्ध युद्ध पेटतं.)

मुख्य तक्रार अशी की, नायिका कॅटनिस ढेपाळते. सारखी दवाखान्यात पडून असते, मोठ्या घटना तिच्या माघारी घडतात. निरीक्षण बरोबर आहे. रिंगणातल्या तिच्या जोडीदाराला, पीटाला, कॅपिटलच्या कैदेतून सोडवतात तो प्रसंग पानावर येतच नाही. तिचा लढाईतला सोबती फिनिक तर चार ओळींत संपतो. पण निवेदन तिन्ही भागांत तिचंच आहे, तेही वर्तमानकाळात. तिला ठाऊक नाही ते आपल्यालाही नाही. रिंगणात याच गोष्टीने थरार वाढतो, तेव्हा कोणी कुरकुरत नाही. युद्धात निर्णय दुसरेच घेतात आणि ती प्रचारापुरती उरते, म्हणून तीच रीत आता अंगावर येते. तिथे तिला सतत आघाडीवर नाचवलं असतं तर ते खोटं झालं असतं.

तिने कोणाला निवडावं, पीटाला की शिकारीतला जुना सोबती गेलला, हा ‘पीटा की गेल’ वाद मात्र पुस्तकाबाहेरच जास्त वाढला. गेल समजून घ्यायचा तर पहिल्या प्रकरणातला चिठ्ठ्यांचा हिशोब नीट करावा लागतो. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, मग दर वर्षी एक वाढत अठराव्या वर्षी सात. शिवाय टेसेरा : माणशी एका वर्षाचं धान्य आणि तेल, त्याबदल्यात एक जादा चिठ्ठी. या चिठ्ठ्या साचत जातात. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या नेमाच्या पाच. आई, धाकटी बहीण प्रिम आणि ती अशा तिघींच्या पाच वर्षांच्या पंधरा. एकूण वीस. अठरा वर्षांच्या गेलच्या घरात खाणारी तोंडं पाच, म्हणून सात अधिक पस्तीस, बेचाळीस. महापौरांच्या मुलीला टेसेराची गरजच नाही. (घाईत वाचणारे हा परिच्छेद ओलांडून जातात, याचं फार वाईट वाटतं.)

गेलचा संताप या बेचाळीसमधून येतो आणि तोच पुढे सापळ्याच्या बॉम्बपर्यंत पोचतो : पहिल्या स्फोटानंतर मदतीला माणसं धावली की दुसरा स्फोट. प्रिम तशाच दुसऱ्या स्फोटात जाते. तो बॉम्ब गेलच्या कल्पनेतलाच होता का, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. ‘पीटाला उगाच जिंकवलं’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं. गेल तिथेच कायमचा दूर होतो, पीटाशी त्याचा काही संबंध नाही.

खरा अवघड वाद मतदानाचा आहे. कॅपिटलच्या मुलांना घेऊन शेवटचे खेळ भरवायचे, हा बंडखोरांची प्रमुख कॉइन हिचा प्रस्ताव. मतं आधीचे खेळ जिंकून वाचलेल्या सात जणांची. पीटा, ॲनी, बीटी विरोधात. जोहाना, एनोबारिया बाजूने. कॅटनिस प्रिमसाठी म्हणून ‘हो’ म्हणते, हेमिच तिच्यामागे जातो आणि चारास तीन मतांनी ठराव होतो. काहींना हा निव्वळ सूड वाटतो, काहींना कॉइनला गाफील ठेवायची चाल. मी चालीच्या बाजूने आहे, कारण लगेच पुढे तिचा बाण कॅपिटलचा अध्यक्ष स्नो याच्याऐवजी कॉइनवर सुटतो. पण मजकुरात ती उघड कबुली देत नाही, त्यामुळे सूड म्हणणाऱ्यांना खोडून काढता येत नाही.

शेवटच्या दीड-दोन पानांत तिची दोन मुलं दिसतात. अनेकांना हे स्वभावाविरुद्ध वाटतं, कारण सुरुवातीला ती मुलं नकोच म्हणते. ते बोलणं आहे निवडीच्या दिवशी सकाळी, वीस चिठ्ठ्या नावावर असताना. शेवटी चिठ्ठ्यांचं भांडंच राहिलेलं नाही, तरी होकार द्यायला तिला पंधरा वर्षं लागतात.